कोविडच्या आयसीयूत किडनीला काय झाले होते, आणि घरी आल्यावर क्रिएटिनिन का वाढले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांना एप्रिल 2021 मध्ये कोविड झाला. तेव्हा वय 58, दहा वर्षांची शुगर, पण किडनीची तक्रार कधीच नव्हती. आठवडाभरात व्हेंटिलेटर लागला, दोन दिवसांत लघवी कमी होत होत बंद झाली आणि डायलिसिस करावे लागले. पुढे लघवी सुरू झाली, डायलिसिस सुटले. घरी आले तेव्हा वजन 78 वरून 63 वर आले होते आणि क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला पदार्थ, किडनी मंदावली की वाढतो) 1.1 होते. सहा महिन्यांनी ते 1.4 झाले, आता 1.6 आहे. घरात दोन तट पडलेत: रेमडेसिव्हिरने किडनी घालवली असे एकाचे म्हणणे, डायलिसिसला उशीर केला असे दुसऱ्याचे. आणि तुम्हाला स्वतःला भीती ही, की किडनी अजून हळूहळू जातेच आहे.

मी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर आहे आणि दोन्ही लाटांत कोविड आयसीयूतल्या डायलिसिसचे काम केले आहे. बाबांची पूर्ण फाइल समोर नसल्यामुळे त्यांच्या उपचारांवर निवाडा देणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या घटनाक्रमातून बरेच काही कळते, आणि तुमच्या भीतीचे उत्तर तर तुमच्याच आकड्यांत आहे. तिथवर जायला आधी आयसीयूतून जावे लागेल.

फुफ्फुसाचा आजार आणि किडनी का, हे सगळ्यांनाच कोडे वाटते. न्यूयॉर्कच्या नॉर्थवेल हेल्थ या रुग्णालयसमूहाने मार्च ते एप्रिल 2020 या काळातल्या 5,449 दाखल रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यांतल्या 36.6 टक्क्यांना किडनीची तातडीची इजा झाली. पण आकडा फोडून पाहा: व्हेंटिलेटरवर असलेल्यांत हे प्रमाण 89.7 टक्के, व्हेंटिलेटर न लागलेल्यांत 21.7. डायलिसिस लागलेल्या 285 जणांपैकी 276 व्हेंटिलेटरवर होते. आणि व्हेंटिलेटरवरच्या ज्यांच्या किडनीला इजा झाली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांत ती घशात नळी घातल्याच्या आगेमागे 24 तासांत सुरू झाली होती. म्हणजे फुफ्फुसांनी हात टेकले की लगोलग किडनीही बसते. तुमच्या बाबांचा घटनाक्रम नेमका हाच आहे.

असे का होते? दोन्ही किडन्या मिळून वजनाला जेमतेम पाव किलो, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच त्यांना लागतो, मिनिटाला साधारण एक लिटर. एवढे रक्त असूनही किडनीच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच बेताचा असतो. तिथल्या सूक्ष्म नलिका गाळलेल्या पाण्यातले मीठ, साखर परत खेचण्याचे काम अहोरात्र करत असतात आणि त्याला खूप ऊर्जा लागते. रक्तदाब घसरला, प्राणवायू घसरला, की पहिल्यांदा याच पेशी मरगळतात, काही मरतात, सुटून नलिकेतच अडकतात. याला आम्ही ट्युब्युलर नेक्रोसिस म्हणतो. गंभीर कोविडमधल्या किडनीच्या बायोप्सी आणि शवविच्छेदनात सर्वांत जास्त दिसलेली इजा ही होती. ही इजा भरून येऊ शकते, कारण नलिकेच्या पेशी पुन्हा उगवतात. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दुसरी बाजू व्हेंटिलेटरची. आपण श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो आणि रक्त हृदयाकडे ओढले जाते. व्हेंटिलेटर हवा दाबून आत ढकलतो, आणि कडक झालेली कोविडची फुफ्फुसे उघडी ठेवायला श्वास सोडल्यावरही दाब ठेवावा लागतो. त्यामुळे हृदयाकडे परत येणारे रक्त अडते. पुढे रक्तदाब पडतो आणि मागे शिरांमध्ये रक्त तुंबते, किडनीच्या शिरेतही. मोरीची जाळी तुंबल्यावर वरून पाणी बेताने सोडले तरी ते साचतेच, तसे किडनीत होते. अशा वेळी ‘लघवी होत नाही, अजून सलाईन लावा’ हा उपाय उलटा पडतो. पाणी फुफ्फुसात आणि किडनीत दोन्हीकडे साचते.

इथे एक कसरत असते, ती नातेवाइकांना बाहेरून दिसत नाही. दुसऱ्या लाटेत बेड मिळेपर्यंत लोक घरीच सात-आठ दिवस तापात काढत. जेवण नाही, पाणी नाही, काहींना जुलाब, वर मिनिटाला तीस-पस्तीस श्वास. असा माणूस दाखल होतो तेव्हा सुकलेला असतो आणि त्याला सलाईन द्यावेच लागते. दोन दिवसांनी त्याच माणसाला व्हेंटिलेटर लागतो आणि तेव्हा तेच सलाईन आवरावे लागते. फुफ्फुसे कोरडी ठेवली तर किडनी जाईल, असे जुने डॉक्टर मानत. 2006 साली अमेरिकेत 1,000 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, अर्थात कोविडच्या खूप आधी, हात राखून पाणी दिलेल्यांना डायलिसिस जास्त लागले नाही असे दिसले. तरी कोणत्या दिवशी सलाईन चालू ठेवायचे आणि कोणत्या दिवशी बंद करायचे, हे खाटेशेजारी उभे राहूनच ठरते.

खाटेशेजारी आम्ही पाहतो ते यंत्र फार साधे असते. लघवीच्या पिशवीच्या वर एक छोटा, खुणा केलेला डबा असतो. सिस्टर दर तासाला तो वाचते, चार्टवर लिहिते आणि खालच्या पिशवीत रिकामा करते. 78 किलोच्या माणसाला तासाला किमान 40 मि.लि. लघवी हवी. घशात नळी घातलेल्या रात्रीचा चार्ट पाहिला तर असा काहीसा दिसतो: 70, 55, 60, 30, 25, 10, मग एकामागून एक 5. रंग आधी पिवळा, मग काढ्यासारखा. त्या रात्री क्रिएटिनिन मात्र 1.2 असते, अगदी नॉर्मलच्या आसपास. कारण गाळणे थांबल्यावर रक्तात क्रिएटिनिन साचायला एक-दोन दिवस जातात. म्हणून ‘काल तर किडनीचा रिपोर्ट चांगला होता, आज अचानक डायलिसिस?’ हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. रिपोर्ट चांगला होता, किडनी नव्हती.

मग विषाणूने थेट किडनीत शिरून काय केले? विषाणू ज्या एसीई-2 रिसेप्टरला चिकटतो, तो किडनीच्या नलिकांत भरपूर असतो, त्यामुळे शंका रास्त होती. काही शवविच्छेदनांत किडनीत विषाणू सापडल्याचे प्रसिद्धही झाले. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जे कण विषाणू म्हणून दाखवले गेले, त्यांतले अनेक पेशीतलेच नेहमीचे घटक आहेत असे इतर पॅथॉलॉजिस्टांनी दाखवून दिले, आणि बहुतेक बायोप्सीत विषाणू हाती लागला नाही. गाळणीची जाळीच कोसळण्याचा एक वेगळा आजार काहींना झाला, मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांना, त्यांच्यातल्या एका विशिष्ट जनुकामुळे. बाबांच्या बाबतीत त्याचा विचार करण्यासारखे काही दिसत नाही. ‘सायटोकाईन स्टॉर्म’, म्हणजे शरीरातल्या सूजकारक रसायनांचे वादळ, हा शब्द तर तेव्हा घराघरांत पोहोचला होता. माझ्या मते त्याचा जरा जास्तच बोलबाला झाला. नेहमीच्या जंतुसंसर्गाने येणाऱ्या सेप्सिसमध्येही सूजकारक रसायने तितकी किंवा त्याहून जास्त वाढलेली असतात.

आता पहिला तट: रेमडेसिव्हिर. हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून इंजेक्शनमध्ये सायक्लोडेक्स्ट्रिन जातीचा एक वाहक पदार्थ घालतात आणि तो किडनीवाटे बाहेर पडतो. सुरुवातीच्या चाचण्यांत किडनी फार कमी चालणारे रुग्ण घेतलेच नव्हते, म्हणून औषधाच्या पत्रकात ‘अशा रुग्णांना देऊ नये’ अशी सावधगिरीची सूचना आली. ‘देऊ नये’चे लोकांच्या तोंडी ‘याने किडनी जाते’ कसे झाले, ते तुम्ही समजू शकता. प्रत्यक्षात प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या इंजेक्शनशी, तुलना केलेल्या मोठ्या चाचणीत रेमडेसिव्हिर घेतलेल्यांची किडनी जास्त बिघडली नाही. पुढे जुलै 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डायलिसिसवरच्या रुग्णांनाही ते देण्यास मान्यता दिली. ज्या इंजेक्शनसाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे राहिले आणि काळ्या बाजारात वाटेल ते पैसे मोजले, त्याची व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी तेवढी लायकी नव्हती, हे माझे तेव्हाही मत होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच दाखल रुग्णांना ते देऊ नये असे सुचवले होते. पण किडनी घालवल्याचा आरोप त्याच्यावर टिकत नाही.

किडनीला खरोखर झोंबणारी औषधे वेगळी, आणि त्यांच्याबद्दल घरात कधी भांडण होत नाही. कोलिस्टिन, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक्स आयसीयूत दुय्यम जंतुसंसर्ग झाल्यावर नाइलाजाने द्यावी लागतात. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची साथच आली होती. त्यावरचे अ‍ॅम्फोटेरिसिन तर किडनीच्या नलिकांवर थेट घाव घालते, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धुऊन काढते. त्याचा लायपोसोमल प्रकार किडनीला पुष्कळ सौम्य, पण तो मिळत नव्हता, म्हणून जुना साधा प्रकार द्यावा लागला आणि त्यात अनेकांचे क्रिएटिनिन चढले. डोळा आणि जीव वाचवायचा असेल तर तो सौदा करावाच लागतो. त्याआधीच्या घरच्या आठवड्यात तापासाठी, अंगदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅकची इंजेक्शने किंवा आयब्युप्रोफेन, हीसुद्धा सुकलेल्या किडनीवर घाला घालतात. आणि ‘व्हिटॅमिन सी काय, अपाय थोडाच करणार’ म्हणून शिरेतून ग्रॅमवारी दिलेले सी शरीरात ऑक्झलेट होऊन नलिकांत स्फटिकरूपाने अडकल्याच्याही नोंदी आहेत. बाबांच्या डिस्चार्ज कार्डावर यातले काय काय आहे ते पाहा, पण दोषी शोधायला म्हणून नको. पुढच्या डॉक्टरांना ती यादी उपयोगी पडेल.

दुसरा तट: उशीर. याचे उत्तर मी बऱ्यापैकी ठामपणे देऊ शकतो, कारण योगायोगाने कोविडच्याच वर्षी, 2020 मध्ये, स्टार्ट-एकेआय ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आयसीयूतल्या किडनीची इजा झालेल्या सुमारे 3,000 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे डायलिसिस लवकर सुरू केले. दुसऱ्या गटात पोटॅशियम 6 च्या वर जाणे, रक्तातले आम्ल वाढणे, फुफ्फुसात पाणी भरणे असे ठोस कारण येईपर्यंत किंवा तीन दिवसांतही किडनी सुधारत नाही असे दिसेपर्यंत थांबले. 90 दिवसांनी मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, 44 टक्क्यांच्या आसपास. पण जगलेल्यांपैकी अजून डायलिसिसवर असलेले लोक लवकर सुरू केलेल्या गटात 10.4 टक्के होते, थांबलेल्यांत 6 टक्के. शिवाय थांबलेल्या गटातल्या बऱ्याच जणांची किडनी आपोआप सुरू झाली आणि त्यांना डायलिसिस लागलेच नाही. पुढच्या वर्षीच्या एका फ्रेंच चाचणीने हेही दाखवले की, फारच ताणून धरण्यात फायदा नाही, उलट धोका वाढू शकतो. लघवी बंद झाल्यावर दोन दिवस वाट पाहून डायलिसिस केले असेल आणि मधल्या काळात पोटॅशियम आटोक्यात असेल, तर त्याला मी उशीर म्हणणार नाही. मीही तेच केले असते.

डायलिसिस सुरू झाल्यावरही कोविडने छळले. रक्त इतके गोठायचे की दोन-तीन तासांत डायलायझर, म्हणजे मशीनची रक्त गाळणारी नळकांडी, काळपट पडू लागायचा, आधी एक-दोन पट्टे, मग सगळाच. मशीनवरचा परतीचा दाब चढायचा, अलार्म वाजायचा आणि टेक्निशियन आतले रक्त परत देण्याच्या घाईत असायचा, कारण गोठले तर तेवढे रक्त गेलेच. पीपीई घालून, पालथे झोपवलेल्या रुग्णाच्या मानेतली नळी वाकू न देता हे सगळे करायचे. रक्त गोठू न देणारे हेपारिन वाढवावे लागे, आणि नाकातून, आतड्यातून रक्तस्राव झाला की बंद करावे लागे. चोवीस तास चालणारे डायलिसिस, म्हणजे सीआरआरटी, मोठ्या शहरांत होते, बाकी ठिकाणी नेहमीच्याच मशीनवर सहा-आठ तासांचे संथ डायलिसिस, ज्याला आम्ही स्लेड म्हणतो, तेच मुख्य साधन होते. जीव वाचण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक दिसलेला नाही, त्यामुळे ‘मोठ्या शहरात नेले असते तर’ हा विचार निदान या मुद्द्यावर मनातून काढा. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल 2020 मध्ये मशीन आणि द्रव दोन्ही अपुरे पडले, तेव्हा बेलव्ह्यू रुग्णालयाने पोटातून डायलिसिस करायला सुरुवात केली. आपल्याकडे जुन्या पिढीचे नेफ्रॉलॉजिस्ट पोटात कडक नळी घालून हेच वर्षानुवर्षे करत आले आहेत. बेलव्ह्यूचे ते वाचताना गंमत वाटली होती.

बाबा वाचले, ही किती मोठी गोष्ट आहे हे सांगतो. अमेरिकेतल्या 67 रुग्णालयांच्या आयसीयूंमधल्या 3,099 कोविड रुग्णांच्या अभ्यासात 637 जणांना डायलिसिस लागले आणि त्यांतले 350 जण 28 दिवसांत गेले. जे घरी गेले, त्यांतले सुमारे एक तृतीयांश घरी जातानाही डायलिसिसवर होते. 60 दिवसांनी ते प्रमाण 18 टक्क्यांवर आले. म्हणजे घरी आल्यावरही किडनी सुटत जाते, आणि म्हणूनच अशा रुग्णाच्या हाताला फिस्टुला (कायमच्या डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडणे) करायची घाई आम्ही करत नाही, निदान तीन महिने पाहतो.

आता तुमची भीती. 1.1, मग 1.4, मग 1.6.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. जितके स्नायू, तितके रोजचे क्रिएटिनिन. तीन-चार आठवडे आयसीयूत पडून, व्हेंटिलेटर आणि स्टिरॉइड्स भोगून बाबांचे 15 किलो वजन गेले, आणि त्यातला मोठा भाग मांड्या-खांद्यांचे मांस होते. घरी आले तेव्हा उठून बसायला आधार लागत होता, असे तुम्हीच लिहिले आहे. अशा शरीरात क्रिएटिनिन तयारच कमी होते, त्यामुळे अर्धवट चालणारी किडनीही रक्तात 1.1 दाखवते. तो आकडा पाहून तुम्हाला ‘किडनी पूर्ण बरी झाली’ असे सांगितले गेले असेल तर ते खरे नव्हते. मग बाबा चालू लागले, खाऊ लागले, वजन परत 74 वर आले. स्नायू परतले तसे क्रिएटिनिनही परतले. 1.6 हा आकडा आजच्या शरीराचा आहे आणि तो बहुधा किडनीची खरी अवस्था सांगतो. आजच्या वयात त्यावरून गाळण्याचा वेग काढला तर मिनिटाला 48 मि.लि.च्या आसपास येतो, म्हणजे नॉर्मलच्या निम्म्याच्या आगेमागे. डिस्चार्जच्या दिवशीही तो फार वेगळा नसावा असा माझा अंदाज आहे.

हा अंदाज तपासता येतो. सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी आहे, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. स्टिरॉइड चालू असताना ती फसवते, पण आता ती बंद आहेत. मोठ्या लॅबमध्ये होते, एकदा करून घ्या. दुसरी तपासणी स्वस्त आणि त्याहून महत्त्वाची: सकाळच्या लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. तुमच्या पत्रात ती कुठेच नाही, आणि दहा वर्षांच्या शुगरमध्ये ती एकदाही झालेली दिसत नाही. दुर्दैवाने आपल्याकडे हे सर्रास चालते. तीस हजारांचे स्कॅन होते, पण लघवीची साधी तपासणी राहते. गुणोत्तर 30 च्या खाली असेल आणि पुढचे दोन-तीन क्रिएटिनिन 1.6 च्याच आसपास राहिले, तर ही कोविडची जुनी खूण आहे आणि ती तिथेच थांबली आहे. गुणोत्तर 300 च्या वर निघाले तर शुगरनेही किडनीत घर केले आहे, आणि मग तुमची भीती अनाठायी नाही. दोन्हींच्या मधे असेल तर दर चार-सहा महिन्यांनी पाहत राहायचे.

उपचारांकडे येऊ. रक्तदाब 130/80 च्या खाली ठेवायचा. आयसीयूत बंद केलेली रक्तदाबाची तेलमिसारटानची गोळी पुन्हा सुरूच झाली नसल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते फार वेळा होते, गोळी थांबवणारा आणि पुढे पाहणारा डॉक्टर वेगळा असल्यामुळे. ती सुरू करायची का हे पोटॅशियम बघून तुमच्या डॉक्टरांना विचारा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या किडनी टिकवतात हे आता मोठ्या चाचण्यांतून सिद्ध आहे, आणि बाबांच्या आकड्यांना त्या चालतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर या पातळीला लगेच बंद करायची गरज नाही, फक्त डोस तपासून घ्या. गुडघे दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावे. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, निमेसुलाइड, आणि मेडिकलवाल्याने सुटी दिलेली ‘दुखण्याची गोळी’ नको. धातूंची भस्मे असलेली औषधेही नकोत, मग देणारा कितीही नावाजलेला असो. पाणी तहानेप्रमाणे. किडनी धुतली जावी म्हणून चार लिटर प्यायचे काही कारण नाही. डाळ, उसळ, अंडे बंद करू नका, मोठ्या कष्टाने परत आलेले मांस पुन्हा जाईल.

आणखी एक, विशेषतः पावसाळ्यासाठी. जुलाब-उलट्या झाल्या, किंवा तापात खाणे-पिणे सुटले, तर त्या दिवसांपुरती तेलमिसारटान, डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि लघवीची गोळी थांबवायची, डॉक्टरांना फोन करायचा, आणि नीट जेवू लागल्यावर एक-दोन दिवसांनी परत सुरू करायची. इन्सुलिन असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे एका कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा. सीटी स्कॅनसाठी डायचे इंजेक्शन द्यायची वेळ आली, तर आधी 2021 चे डायलिसिस सांगा. बहुतेक वेळा स्कॅन होतोच, फक्त तयारी वेगळी करतात.